जॉली गुड

सोलापुरात गिरणीच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक दुभाषा कारकून बसे. गोऱ्या साहेबाच्या तोंडचे सगळे उद्गार त्याने उचलले होते. "आमची म्हैस व्याली," म्हटलं की हा खुर्चीत पुढे सरकून म्हणे, "आय से! जॉली गुड!" खोटं कशाला बोलू, घरीसुद्धा त्या म्हशीचं एवढं कौतुक झालं नव्हतं.

एकदा सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांची मुकादमीण पिण्याचं पाणी तांब्यात घेऊन आली. "लई गढूळ हाय की. पोरी आजारी पडत्यात."

दुभाष्याने ते साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेब म्हणाला, "हाऊ इंटरेस्टिंग!" आणि पुन्हा कागदात शिरला. या उद्गाराचा अर्थ विषय संपला, हे आम्हा कारकुनांना पाठ होतं.

"साहेब काय म्हनलं?"

"म्हणाले, स्वतः पिऊन बघतो."

बाईने हात जोडले. दुभाष्याने पेला भरून साहेबापुढे ठेवला आणि इंग्रजीत म्हणाला, "आपण चव घेणार म्हणून बाई आभार मानते आहे."

साहेबाला प्यावंच लागलं. त्याचं तोंड वाकडं झालं, तसा आमचा दुभाषा पुढे झुकला आणि अगदी मनापासून म्हणाला, "जॉली गुड, सर?"