सासूचा गुडघा, सुनेच्या गोळ्या

लई दमलेय, पण हे आत्ताच लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल.

मी गुंजवण्याकडच्या उपकेंद्रात काम करते. मनाच्या आजाराचे डॉक्टर आता ठरल्या वारी वेल्ह्याच्या दवाखान्यात बसतात, आधी त्यासाठी पुणं गाठायला लागायचं. हे घरोघर जाऊन सांगायचं, हे माझं काम. मी सांगते, बाया माना हलवतात, चहा देतात आणि कुणी जात नाही. रोज तेच.

एका घरची सून बाळंतपणानंतर नुसती भिंतीकडं तोंड करून पडलेली. बाळाला सासूच बघायची. त्यात भातलावणी आली. आमच्याकडं इर्जिक असते, सगळ्या मिळून एकेकीचं शेत लावतात. जी दुसरीच्यात गेली नाही, तिच्यात कुणी येत नाही. ही कुणाकडंच गेली नव्हती.

"राणीसायेब हायेत त्या," शेजारीण म्हणाली.

"आजारी आहे ती."

"कुठं? ना ताप, ना खोकला."

सासूला म्हटलं, मावशी, डॉक्टरांना दाखवा. ती चुलीत फुंकत होती.

"न्हेते की. पन गावाला काय सांगू?"

"खरं सांगा."

"तू आदी नांदायला जा, मंग मला खरं सांगाय शिकीव."

डॉक्टरांच्या वारी ती एसटीला आली ती लंगडतच, सुनेच्या खांद्यावर हात टाकून. "गुडगा गेला माजा. सून न्हेतीय दवाखान्यात." बायांनी उठून जागा दिली. डॉक्टरांनी तपासलं सुनेला, गोळ्याही तिलाच मिळाल्या.

आणि त्यांचं शेत लागलं. गुडघ्यासाठी सगळ्या आल्या, शेजारीणसुद्धा. सासू बांधावर पाय पसरून बसलेली, सून गप रोपांच्या जुड्या पुढं देत होती. मी बघत उभी. इतके महिने घसा कोरडा केला, तो कशासाठी, कळेना.

परवा सासू उपकेंद्रात आली. म्हणाली, सून आता बाळाला स्वतः न्हाऊ घालती. मग दार लोटून घेतलं.

"गोळ्या बंद करू का आता?"

"नाही मावशी. डॉक्टर सांगतील तेव्हाच."

"म्हंजी मला अजून लंगडायचं."

"तेवढं करा."

ती उठली, दारापाशी थांबली.

"कंचा पाय हुता गं माजा?"

"डावा."

डावा पाय ओढत ती बाहेर पडली.