आपल्याला योग्य वाटेल ते

आमच्या घरात पैसे मागायला बंदी होती. पैशांवरून चरफडायला मात्र पूर्ण मोकळीक होती. वडील ऑफिसातून आल्यावर गिरगावातल्या आमच्याच चाळीतल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत. मुलाचा बाप विचारायचा, "मास्तर, फी काय द्यायची?" वडील हात जोडून म्हणायचे, "आपल्याला योग्य वाटेल ते." त्या बापाला योग्य वाटायचं ते इतकं थोडं असायचं, की जेवायला बसल्यावर वडील त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. आई म्हणायची, "मग आधीच सांगायची होती फी." त्यावर वडिलांचं ठरलेलं उत्तर असे, "आपण काय दुकान मांडलंय?" पहिल्या घासाला शिव्या आणि शेवटच्या घासाला ताक, अशीच सभ्य माणसं जेवतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मोठा होऊन मी फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून झालो आणि सुटीच्या दिवशी, थंडीच्या हंगामात, शाळांच्या हुतूतू सामन्यांचा पंच. खेळाडू म्हणून मी सुमारच होतो. पण नियम पाठ होते, पांढरी पँट होती आणि शिट्टी जोरात वाजायची. त्या काळी पंचाला सामन्यामागे दोन रुपये मिळत. त्याला मजुरी म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. तेही स्पर्धा संपल्यावर, बक्षीस समारंभात नारळाबरोबर पाकिटात घालून देत. ते पाकीट तिथं उघडायचं नाही, सरळ खिशात घालायचं, हसायचं आणि नमस्कार करायचा. घरी येऊन उघडलं की कळायचं, यंदाही शाळा दोन सामने विसरली आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस होते. परळ-लालबागमध्ये आज मोर्चा, उद्या हरताळ. सामना ऐन रंगात आला की मैदानाबाहेरून घोषणा ऐकू यायच्या, आणि पोरं आणि पंच दोघंही त्या दिशेनं पळायचे. मीही पळालोय. पण अशा अर्धवट राहिलेल्या सामन्यांचं मानधन द्यायचं की नाही, यावरून शाळांचं आणि आमचं वाजू लागलं. शाळा म्हणत, सामना झालाच नाही तर पैसे कसले? आम्ही म्हणत होतो, ट्राम बंद असताना पायपीट करून आलो, फक्की मारून मैदान आखलं, शिट्टी वाजवली, त्याचं काय? अर्थात हे आम्ही इराण्याकडे बसून एकमेकांनाच म्हणत होतो.

परळच्या एका शाळेत त्या वर्षी मोठी स्पर्धा होती. आम्ही चौघे पंच होतो. त्यातला एक घोडपदेवचा. तो गिरणीत बदली कामगार होता, म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असला तरच काम मिळायचं. एके काळी त्याची चढाई बघायला माणसं झाडावर चढत, असं तो स्वतःच सांगायचा. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं, तंबाखूची चंची कायम हातात. खरं सांगायचं तर मला तो जरा आगाऊ वाटायचा. पण सामन्यात त्यानं हात वर केला की कुणी हुज्जत घालत नसे, आणि मी हात वर केला की सगळेच घालत.

त्या हंगामात त्याला काम फार कमी मिळालं होतं. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि तिच्या माघारी त्यानं तिचा माहेरचा तांब्याचा हंडा सावकाराकडे ठेवला होता. हे त्यानंच मला हसत हसत सांगितलं. "संक्रांत झाली की येते रे ती पोराला घेऊन. तवर हंडा घरात पायजे, नायतर आपली विकेट." स्पर्धेचे सगळे सामने धरले तर हंडा सुटत होता. अर्धवट राहिलेले वगळले तर सुटत नव्हता.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी आमची इराण्याकडे बैठक झाली. हेडमास्तरांशी बोलायला कुणी जायचं? तिघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. घोडपदेवचा म्हणाला, "तूच जा. तुझी भाषा साफ आहे. मी गेलो तर भांडण होईल. सगळ्या सामन्यांचे, रोख आणि उद्याच. एवढंच बोलायचं." मी ते वाक्य रस्ताभर घोकत गेलो.

हेडमास्तर लढ्यातले होते, तुरुंगातही जाऊन आले होते. अंगावर खादी आणि आवाज इतका हळू की ऐकायला आपोआप वाकावं लागे. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एका मुलाची तसबीर होती. शाळेचाच माजी विद्यार्थी, गोळीबारात गेलेला. तसबिरीला त्या दिवशीचा ताजा हार होता. हेडमास्तरांनी मला बसवलं, चहा मागवला, मग म्हणाले, "फंडात खडखडाट आहे. निम्म्या मुलांची फी आली नाही, आणि मी मागतही नाही. तुमच्या मानधनाचं काय करू या, तुम्हीच सांगा."

तुम्हीच सांगा, असं त्यांनी स्पष्ट विचारलं होतं. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण वर तो मुलगा होता आणि त्याच्या हाराखाली बसून दोन-दोन रुपयांची गोष्ट काढायची मला लाज वाटली. मी हात जोडले आणि वडिलांच्या आवाजात म्हणालो, "पैशांसाठी का येतो आम्ही, सर? आपल्याला योग्य वाटेल ते."

त्यांचे डोळे भरून आले. मलाही क्षणभर आपण फार मोठे झालो असं वाटलं. बाहेर तिघे उभे होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "होईल. सर सज्जन आहेत." घोडपदेवच्यानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना निर्विघ्न पार पडला. आधीचा सबंध हंगाम विसरायला लावील असा तो सामना होता. घोडपदेवचा धुतलेल्या पांढऱ्या पँटीत रेषेवर वाकून उभा होता आणि मधूनच माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. मग बक्षीस समारंभ झाला. टेबलावर ढाली, बाजूला लढ्याच्या निधीची पत्र्याची पेटी, समोर मुलं, पालक, आसपासच्या चाळीतली माणसं. आम्हा चौघांना स्टेजवर बोलावून नारळ दिले. नारळाखाली पाकीट नव्हतं. मी नारळ उचलून पाहिलंसुद्धा.

हेडमास्तर माईकसमोर गेले. म्हणाले, "एक आनंदाची गोष्ट सांगतो. आमच्या पंचांनी आपलं सगळं मानधन लढ्याच्या निधीला दिलं आहे. काल त्यांनी मला स्वतः सांगितलं, पैशांसाठी का येतो आम्ही!" आणि त्यांनी माझ्याकडे हात केला. टाळ्यांचा कडकडाट झाला. 'झालाच पाहिजे'च्या घोषणा झाल्या. ते पैसे पेटीत पडले की शाळेच्या कपाटातच राहिले, हे मला आजतागायत ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

त्यांनी खोटं काय सांगितलं होतं? माझंच वाक्य होतं ते. उरलेले दोघे पंच नारळाकडे बघत राहिले. घोडपदेवच्यानं मात्र माझ्याकडे पाहिलं. टाळ्यांच्या आवाजात अगदी जवळ येऊन त्यानं विचारलं, "तू बोललास?" मी मान खाली घातली. पुढे काय होणार ते मला दिसत होतं. तो आता माईक ओढून घेणार, शाळेची आणि माझी अब्रू त्या मैदानावर मांडणार. त्यानं खरंच माईक घेतला. मी डोळे मिटले.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दिले. खुशीनं दिले." मग खिशात हात घालून ट्रामच्या भाड्याची जी काही चिल्लर होती ती त्यानं पेटीत टाकली. नाणी पत्र्यावर पडल्याचा आवाज माईकमधून सगळीकडे ऐकू गेला. पुन्हा टाळ्या झाल्या. त्यानं माझं नाक कापलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं ते वाचवलं आणि नारळ काखेत मारून घोडपदेवला चालत गेला.

पगार झाला तसा मी त्याच्या घरी गेलो. खिशात कचेरीतलं पाकीट होतं, त्यात त्याचं सगळं मानधन, माझ्या पगारातलं. खोलीत बुद्धाची नवी तसबीर लावलेली होती. त्यांच्या चाळीतल्या बहुतेक घरांत ती नुकतीच आली होती. तो बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. मी पाकीट पुढे केलं आणि म्हणालो, "शाळेनं पाठवलेत."

त्यानं पाकिटाला हात लावला नाही. "शाळेनं? मग हे पेटीतले झाले. आपण दिलेत ना ते? दिलेलं परत घेतात काय?" मग माझ्याकडे नीट बघत म्हणाला, "तुझे असले तर तुझे म्हण. मग बघू."

माझेच आहेत, माझ्यामुळे तुझा हंडा गेला, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. तेवढ्यात त्याची बायको नळावरून घासलेटच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून घेऊन आली. डबा खाली ठेवून तिनं पदरानं हात पुसले आणि चहा ठेवला. "डब्यातलं पाणी आहे भाऊजी, पण डबा सोड्यानं धुतलाय हां. हंडा व्हता माझ्या आईनं दिलेला. ह्यांनी लढ्याला दिला. मला आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग म्हटलं, दिला तर दिला. महाराष्ट्रासाठी दिला. शेजारणी पण बोलल्या, असा मानूस पायजे."

तो बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिला. मान वर केली नाही. पाहिलं असतं तर मला तिथं बसवलं नसतं. त्या स्टेजआधी त्याला कधी खोटं बोलताना मी ऐकलं नव्हतं, आणि हे खोटंही त्यानं माझ्याच वाक्यातून उचललं होतं. मी तो चहा प्यालो. चहाला घासलेटचा वास नव्हता, पण मला येत होता. निघताना पाकीट माझ्याच खिशात होतं.

पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला पंचांची सभा झाली. यावेळी इराण्याकडे नव्हे, लालबागच्या एका व्यायामशाळेत, सतरंजीवर. ठराव झाला: आधी मानधन, मग शिट्टी, अर्धवट सामन्याचेही पूर्ण. मागायला कुणी जायचं, असा प्रश्न निघाला. मी भिंतीला टेकून बसलो होतो, सगळ्यांच्या मागे. घोडपदेवचा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हाच जाईल. पैसे घेईल आणि तिथंच मोजेल." मी म्हणालो, "अरे, मला नाही जमणार." तो म्हणाला, "म्हणूनच." कुणी हसलं नाही. त्यालाही हसू आलं नाही.

पहिला सामना दादरच्या एका शाळेत होता. हेडमास्तर, शिक्षक, रांगेत बसलेली मुलं, सगळ्यांच्या देखत मला सगळ्या पंचांच्या मानधनाचं पाकीट दिलं गेलं. मी ते उघडलं. कान तापले, बोटांना घाम आला. वडील आठवले. नोटा एकमेकींना चिकटत होत्या. हेडमास्तरांनी तोंड फिरवलं, जणू मी त्यांच्यासमोर कपडे बदलत होतो. दोन रुपये कमी निघाले. मी म्हणालो, "सर, दोन कमी आहेत," आणि ते खिसे चाचपत असताना मी मातीकडे बघत उभा राहिलो. अखेर त्यांनी दिले.

रेषेवरून घोडपदेवचा ओरडला, "मोजलेस काय रे?"

"मोजले," मी म्हणालो.

"ऐकू नाय आलं!"

सगळी शाळा माझ्याकडे बघत होती. "मोजले!" मी ओरडलो.

त्यानं मान हलवली, शिट्टी तोंडात धरली आणि सामना सुरू केला. त्याच्या घरी अजून डब्यातच पाणी भरत होते.