तेवीस मिनिटांच्या गाण्याची चौकशी

आमच्या ह्यांना कोणी काही कारण सांगितलं की हे आधी त्याच्या तोंडाकडे बघतात आणि मग स्वतःच्या घड्याळाकडे. एकतीस वर्षं बसडेपोत टाइमकीपर होते. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता आली, उशीर झाला तर का झाला, हे लिहून घ्यायचं काम. एकदा एका ड्रायव्हरने सांगितलं, वाटेत लग्नाची वरात आडवी आली. हे दुसऱ्या दिवशी त्या फंक्शन हॉलमध्ये जाऊन लग्न खरंच झालं का ते विचारून आले. लग्न झालं होतं. तरी वरात किती मिनिटं रस्त्यात होती तेही विचारलं.

नाव किशनराव. मी त्यांची बायको, गीता. मूळचे आम्ही देगलूरकडचे. ह्यांचे वडील पोट भरायला हैदराबादेत आले, आणि पुढे ह्यांनी डेपोत, मी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी केली. दोघंही रिटायर झालो. बरकतपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा आमचा पोर्शन आहे. माणूस वाईट नाही. दारू नाही, सिगारेट नाही. चौदा एप्रिलची मिरवणूक ठरल्या वेळेला का निघाली नाही, यावरून दरवर्षी कमिटीशी भांडतात, तेवढंच. पण विश्वास नावाची गोष्ट ह्यांच्या अंगात नाही. मी दूध उतू गेलं म्हटलं तर हे गॅसजवळ जाऊन बघतील.

याची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे. रवी आमचा थोरला. सहा वर्षांपूर्वी गच्चीबावलीला एका कंपनीत लागला होता. एका रविवारी ड्यूटी आहे म्हणून गेला. रविवारी कसली ड्यूटी, म्हणून हे दोन बस बदलून कंपनीच्या गेटवर पोहोचले आणि वॉचमनला म्हणाले, रवी नावाचा मुलगा आत आहे का, रजिस्टर दाखव. नेमका तेव्हाच रवी चार सोबत्यांबरोबर चहाला बाहेर येत होता. ड्यूटी खरी होती.  रवी ह्यांना बसस्टॉपपर्यंत सोडून आला. महिन्याभरात पुण्याची नोकरी धरली आणि गेला. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी सहाला मला फोन करतो. "पप्पांना देऊ का" म्हटलं की त्याला नेमकं कोणीतरी बोलावतं.

त्यामुळे शिवानीच्या बाबतीत माझा जीव मुठीत असतो. शिवानी धाकटी, नारायणगुड्याच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. साडेसहाला घरी येणारी पोरगी जूनपासून मंगळवारी आणि शुक्रवारी आठ वाजता यायला लागली. का, तर नल्लकुंट्याला रसिका नावाच्या मैत्रिणीकडे जाते. तिथे काय करता, तर गाणी ऐकतो.

"दीड तास गाणी?" ह्यांनी विचारलं.

"पप्पा, एकेक साँग तेवीस मिनिटांचं आहे. मध्येच उठून कसं यायचं?"

मी भाकरी थापत होते. ह्यांचा चेहरा पाहिला आणि माझा हात थांबला. डेपोतला चेहरा होता तो. शिवानी आत गेल्यावर मी स्पष्ट सांगितलं, एक मुलगा घालवलात, आता हिच्या मागे लागलात तर मी गप्प बसणार नाही. हे म्हणाले, मी तिला काही विचारणार नाही. तेवीस मिनिटांचं गाणं असतं की नाही, एवढंच बघतो.

शिवानीने नवा फोन घेतला तेव्हा जुना ह्यांना दिला होता. त्यात गाण्यांचं ॲप चालू होतंच. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीन वाजले की हे आतल्या खोलीत जायचे, दार लावायचे आणि साडेचारला बाहेर यायचे. विचारलं तर "काम आहे" म्हणायचे. रिटायर माणूस, बंद दार आणि फोन. आता खोटं कशाला बोलू, संशय मलाही आला. चौथ्या दिवशी मी दाराला कान लावला. आत टेबलावर बोटं वाजत होती आणि हे पुटपुटत होते, एक दोन तीन चार पाच सहा सात, एक दोन तीन चार पाच सहा सात. मला वाटलं आकड्यांचा काही नाद लागला. सरळ दार ढकलून आत गेले.

हे कानात वायर घालून बसले होते. पुढ्यात वही. वर तारीख, खाली गाण्याचं नाव, सुरू झालं कधी, संपलं कधी. तेवीस मिनिटं चार सेकंद. म्हणजे पोरगी खरं बोलत होती. तिथे हा विषय संपायला हवा होता.

पण चौकशी अर्धी सोडायची ह्यांना सवय नाही. तो एक इंग्लंडचा बँड आहे, प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात म्हणे त्या प्रकाराला. पन्नासेक वर्षांपूर्वी सुरू झाला, एकूण अकरा अल्बम. नाव मला आजही नीट घेता येत नाही, आम्ही त्यांना इंग्लंडवालेच म्हणतो. रजिस्टर पहिल्या पानापासून बघायचं असतं, म्हणून हे पहिल्या अल्बमपासून बसले. सुरुवातीच्या नोंदी मी पुढे वाचल्या. "गायक साडेपाच मिनिटं झाली तरी हजर नाही." "फोटोत पाच माणसं, वाजवणारे सहा. सहावा कोण?" "ढोलवाला चुकतो. आठव्या मात्रेला येत नाही." दोन दिवसांनी त्याच्याखाली लाल शाईने: "चुकत नाही. सातवरच परत येतो. प्रत्येक वेळी." ह्यांचे चुलते गावाकडे गायनपार्टीत ढोलकी वाजवायचे, त्यामुळे मात्रा मोजायचं ह्यांना लहानपणापासून कळतं. त्या ढोलवाल्यावर तर ह्यांचा जीवच जडला. चौथ्या अल्बमला गायक बदलला तेव्हा दिवसभर चिडचिड. का गेला, कोणी घालवला, नव्याची भरती कशी झाली? पहिल्या अल्बममधली एक चाल पाचव्यात परत आली ती ह्यांनी तिसऱ्या सेकंदाला पकडली. आधी म्हणाले, आळशी लेकाचे, जुनाच माल परत खपवतात. संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, गीता, नाही, मुद्दाम आणलीय ती. मला काही कळत नव्हतं, पण इतक्या वर्षांत ह्यांनी स्वतःहून आपलं म्हणणं मागे घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. सातव्या अल्बमपासून गाणी चार-चार मिनिटांची झाली. त्या दिवशी हे जेवले नाहीत धड. वरून दबाव आला असणार, म्हणाले.

शिवानी घरी आली की हे सहज विचारल्यासारखं विचारायचे, आज कितवा ऐकला? ती सांगायची. सगळं जुळायचं. आणि जुळत होतं म्हणूनच ह्यांचा संशय वाढला. इतकं जुळलेलं ह्यांनी नोकरीत फक्त खोट्या लॉगशीटमध्ये पाहिलं होतं.

मग एक दिवस गाणं मध्येच बंद पडलं. फोनवर अक्षरं आली, हे अकाउंट दुसऱ्या ठिकाणी चालू आहे. म्हणजे एका वेळी एकालाच ऐकता येतं. शिवानीने लावलं असेल, मी म्हटलं. हे उठून स्वयंपाकघरात आले. त्या दिवशी शिवानीला सुट्टी होती, ती माझ्यासमोर भाजी निवडत होती आणि तिचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

"तिसरा माणूस आहे," हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

तिथून पुढे वहीत वेगळं पान सुरू झालं. पहिल्या आठवड्यात गाणं चार वेळा तुटलं. दुसऱ्या आठवड्यात एकदा. तिसऱ्यापासून एकदाही नाही. तो सावध झाला, हे म्हणाले. पण सकाळी ॲप उघडलं की आदल्या दिवशी काय काय वाजलं त्याची यादी दिसते, आणि त्या यादीत ह्यांनी न लावलेली गाणी असायची. सगळ्यात वाईट म्हणजे, ह्यांनी आज दुपारी जो अल्बम ऐकला, तोच तो माणूस संध्याकाळी ऐकायचा. ह्यांनी दुसऱ्या अल्बमकडे मागे जाऊन पाहिलं. संध्याकाळी तोही दुसऱ्यावर. "माझ्या मागे मागे येतोय. पाळत आहे माझ्यावर." ह्यांचं म्हणणं असं पडलं की शिवानीचं कोणाशी तरी जमलंय, रसिका वगैरे नुसतं नाव आहे, आणि तो मुलगा बाप काय करतो यावर लक्ष ठेवून आहे.

खरं सांगते, मलाही पटलं. त्या पोरीवर माझा राग नव्हता, जमलं असेल तर जमलं असेल. मला भीती होती ती ह्यांच्या वहीची. ती वही हे तिच्यासमोर उघडणार, वेळा वाचून दाखवणार, आणि ही पण बॅग भरणार. मी दोनदा वही लपवली. दोन्ही वेळा ह्यांनी दहा मिनिटांत शोधून काढली.

गेल्या रविवारी सकाळी पोहे खाऊन झाल्यावर ह्यांनी वही टेबलावर ठेवली. शिवानीला मराठी वाचायला वेळ लागतो, शाळा इंग्लिश मीडियमची. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती. मला वाटलं आता भडकणार. पण ती मध्येच हसली, मग तिचे डोळे भरले. "पप्पा, तुम्ही नाइन्थ अल्बमपर्यंत आलात?" एवढंच म्हणाली.

"अकाउंट कोणाचं आहे ते सांग," हे म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादाचं."

रवीचं. रवी मार्चपासून हैदराबादेत आहे. पुण्याची नोकरी सोडून इथल्या कंपनीत आलाय, रसिकाच्याच गल्लीत खोली घेतलीय, बरेच दिवस घरूनच काम करतो. मंगळवारी आणि शुक्रवारी शिवानी त्याच्याकडे जाते. ती गाणी त्याची, कॉलेजपासूनची. मला ह्यांचा राग यायला हवा होता, पण आला तो रवीचा. घरापासून वीस मिनिटांवर माझं पोर सात महिने राहतंय आणि मी दर रविवारी त्याला विचारतेय, पुण्यात पाऊस आहे का. तो आपला नल्लकुंट्याच्या खिडकीतून बघून सांगतोय, हो, आहे थोडा.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुला सांगितलं असतं तर तू पप्पांना सांगितलं असतंस. आणि पप्पा दुसऱ्या दिवशी त्याच्या घरमालकाकडे चौकशीला आले असते."

 खरं होतं ते. मग ह्यांनी विचारलं, "मी ऐकतो ते त्याला माहीत आहे?"

शिवानीने सांगितलं की पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं. त्याचंही गाणं मध्येच तुटत होतं. त्याने विचारलं, घरी जुना फोन कोण वापरतं. पप्पा म्हटल्यावर तो तडक पासवर्ड बदलायला बसला. इथेही मागे आलेच का, म्हणाला. मग त्याने यादी पाहिली. पहिल्या अल्बमपासून, एकही गाणं न गाळता, ओळीने. त्याने फोन खाली ठेवला.

"मग म्हणाला, राहू दे. तेव्हापासून तो तीन ते साडेचार काही लावत नाही. पप्पांचा टाइम आहे म्हणतो. संध्याकाळी तुम्ही ऐकलेलं लावून बसतो."

हे वहीकडे बघत होते. तिसऱ्या आठवड्यापासूनच्या त्या रिकाम्या रकान्यांवर ह्यांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, "सावध झाला." ते शब्द ह्यांनी पेनाने खोडले. एकदा खोडून समाधान झालं नाही, पुन्हा खोडले.

दुपारी तीन वाजले. ह्यांच्या दहाव्या अल्बमची पाळी होती. मी म्हटलं, जा, ऐका. हे खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, त्याच्या घरात न विचारता शिरून बसल्यासारखं झालंय, आता नको. शिवानी म्हणाली, पप्पा, त्याला चालतंय. हे म्हणाले, त्याला चालतंय हे मला आज कळलं, मी तर सात आठवडे त्याला चोर समजून बसलो होतो. सहा वर्षांपूर्वी पण तेच केलं. एवढं बोलून ह्यांनी चष्मा काढला आणि पंच्याने तोंड पुसलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ह्यांना रडताना मी सासऱ्यांच्या मातीनंतर पाहिलं नव्हतं.  मी चहा ठेवायला आत गेले.

चहाला उकळी यायच्या आत माझा फोन वाजला. तीन वाजून बावीस मिनिटं झाली होती. रवीचा फोन संध्याकाळी सहाशिवाय कधी येत नाही. माझ्या हातात पक्कड होती, शिवानीने फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"आई, पप्पांना बरं आहे ना?" रवी घाईघाईने विचारत होता. "तीन वाजून गेले, अजून त्यांनी काहीच लावलं नाही."

हे दारात येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला आणि शिवानीने फोन त्यांच्या हातात दिला.