आकानिसीची पांढरी चादर

लेवुका गावच्या किनाऱ्यावर माझ्या बेकरीला लागून इनोकेचं फोटोचं दुकान आहे. तिथे गिऱ्हाईक कमी, सल्ला मागणारे फार. लग्न असो, बारसं असो, नवी होडी पाण्यात उतरवायची असो, लोक आपापला फोन घेऊन येणार, चटईवर बसून यांगोनाच्या मुळांचं पेय वाटीभर पिणार आणि म्हणणार, "इनोके, केरेकेरे! जरा येऊन दाखव ना, फोटो कसा काढू ते." केरेकेरे म्हणून कुणी काही मागितलं की आमच्यात नाही म्हणायची सोय नाही. फुकट ते पौष्टिक, हे आमच्या बेटाला कुणी शिकवावं लागलं नाही.

मी चिडायचो. "अरे, सगळ्या गावाला पोहायला शिकवलंस, आता तुझ्या होडीत कोण बसणार?"

"शिकले तर काय बिघडलं?" एवढंच तो म्हणायचा.

तो निघाला की बायको आकानिसीही निघायची, काखेत पांढरी चादर घेऊन. माणसांच्या बाजूला उभी राहून ती चादर ताणून धरायची, म्हणजे ऊन उलटून त्यांच्या तोंडावर पडायचं.

"चादरवाली आली, आता आम्ही देखणे!" कुणीतरी म्हणायचं.

"तुला एक चादर पुरायची नाही रे बाबा," ती म्हणायची.

इनोकेचा सल्ला ठरलेला. हात हलवू नका. उजेड तोंडावर घ्या. काठावर नको ते दिसलं तर कापून टाका. आणि मूळ फोटो पुसा, नाहीतर फोन भरतो.

गेल्या मंगळवारी आकानिसी बाजारात दालोचे कंद निवडता निवडता खाली बसली आणि गेली. शनिवारी दफन ठरलं. आमच्याकडे शवपेटीच्या पुढे चौकटीतला मोठा फोटो धरून चालतात. अर्ध्या गावाचे तसले फोटो इनोकेनेच केलेले. बायकोचा एकच होता, लग्नातला. तो वादळात भिजून गेला होता. पुढे कधी काढायला गेला तर ती म्हणायची, "मी काय, घरचीच आहे. मग काढ."

बुधवारी इनोके लोकांच्या दारी गेला. तीस वर्षांत मी त्याला काही मागताना पाहिलं नव्हतं. मी सोबत होतो.

"केरेकेरे," तो उंबऱ्यापाशी बसून म्हणाला. "तुमच्या फोटोंत कुठे आकानिसी आहे का?"

"अरे, मागतोस काय? घे की सगळा फोन!" पहिल्याच घरी वाइसेआने फोन त्याच्या हातात कोंबला.

फोटो सुरेख होते. प्रत्येक तोंड उजळलेलं. आणि प्रत्येकाचा काठ स्वच्छ कापलेला. एकात चादरीचं टोक होतं, एकात चार बोटं. बारा घरं झाली. सगळ्यांनी त्याचं ऐकलं होतं, कुणाला दोष कसा द्यायचा? वाइसेआची बायको तर रडायलाच लागली.

शेवटी लोसालिनी मावशीचं घर उरलं. म्हातारीला इनोके तीन वेळा शिकवून थकला होता.

"माझे कशाला बघतोस? नावं ठेवायला?" ती म्हणाली आणि फोन पुढे केला.

नातवाच्या बारशाचा फोटो. वाकडा. बाळ एका कडेला, तेही निम्मंच. वरच्या कोपऱ्यात मावशीचा अंगठा. आणि मधोमध, दोन्ही हात पसरून चादर धरलेली आकानिसी, कुणाच्या तरी थट्टेवर तोंड भरून हसणारी.

इनोकेने फोन दाराच्या उजेडाकडे धरला.

"तुझं काहीच ऐकलं नाही बघ मी," मावशी ओशाळून म्हणाली.

दुकानात आल्यावर छपाईला मीच बसलो. "अंगठा कापू?" मी विचारलं.

"नको," इनोके म्हणाला. "काही कापू नकोस."

शनिवारी तो फोटो अंगठ्यासकट शवपेटीच्या पुढे गेला.