खुणेवरची सही

पडद्यांच्या दुकानात तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने काडी आणि ओठांत कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं बेताचं. जे बोलायची ते मात्र टोचायचं. तिचा नवराही त्याच दुकानात. तो गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायचा, आल्यावर कापडावर खडूने खुणा करायचा आणि प्रत्येक मापाला "पाव इंच जादा धरू" म्हणायचा. म्हणून तो पावइंच. त्याने खूण करायची, तिने खुणेवर शिवण घालायची, असं पस्तीस वर्षं चाललं होतं. लग्न त्यातच कधीतरी उरकून घेतलं होतं.

दुकानाचा एक दंडक होता. शिवणाऱ्याने पुन्हा माप घ्यायचं नाही. दोघांनी माप घेतलं की मापं दोन निघतात आणि मग चूक कोणाची यातच अख्खा दिवस जातो. खूण दिसली की मशीन चालवायची, बस्स. टाचणीने या पस्तीस वर्षांत नवऱ्याच्या खुणेवर एकदाही टेप धरली नव्हती आणि पावइंचाचा पडदाही कधी आखूड झाला नव्हता. इतर कारागिरांच्या बायका नवऱ्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, तेव्हा ती मान खाली घालून गालात हसायची.

पडदे शिवणाऱ्यांना लोकांची कर्जं बरोबर कळतात. नव्या घरातलं जोडपं येतं तेव्हा यादीत आठ खिडक्या असतात, कापडही भारीतलं काढायला लावतात. भाव ऐकला की आठाच्या तीन होतात. हॉलला पडदे, झोपायच्या खोलीला जुनी चादर आणि स्वयंपाकघर तसंच उघडं. टाचणी त्यांच्याकडे एकदा बघायची आणि ते गेल्यावर मशीनवरच्या मुलींना सांगायची, वीस वर्षांचं कर्ज आहे, गाडीही हप्त्यावर आणि फ्रिजसुद्धा अजून पुरता त्यांचा झालेला नाही. दहात आठ वेळा ते खरं निघायचं. आता घर म्हणजे माणसं घेत नाहीत, बँक घेते आणि आपल्याला फरशी पुसायला ठेवते, हे तिचं आवडतं वाक्य होतं. मुली हसायच्या. त्यांच्यातल्याही निम्म्या जणी फरशीच पुसत होत्या.

तिला असं बोलायचा हक्क होता, कारण तिची फरशी सुटत आली होती. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसरा मजला, दोघांच्या नावावर कर्ज, वीस वर्षं, म्हणजे दोनशे चाळीस हप्ते. पहिल्या महिन्यात तिने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने दोनशे चाळीस लिहिलं आणि तेव्हापासून दर महिन्याला जुना आकडा पुसून एकाने कमी लिहीत आली. सण नाही, सहल नाही, दाताची कवळीसुद्धा पुढच्या वर्षी करू म्हणत चार वर्षं ढकलली. दोघांच्या पगारातला मोठा वाटा हप्त्यात जायचा. उरलेल्यात ती घर असं चालवायची की पाहुण्याला कळू नये. कागदपत्रं नवऱ्याकडे आणि पैसे साठवणं तिच्याकडे, अशी वाटणी होती.

आता दाराआड "एक" उरला होता. गेल्या महिन्यात तो पावइंचानेच आपल्या हाताने लिहिला. तिचा उजवा खांदा वर जात नव्हता, म्हणून ती नुसती शेजारी उभी राहिली आणि त्याने जुना आकडा पुसून नवा लिहिला. त्या खांद्यापायीच तिने दुकानाच्या मालकीणबाईंना सांगून ठेवलं होतं की शेवटचा हप्ता गेला की एक तारखेपासून मी येणार नाही. एकाच्या पगारात दोघांचं भागेल, फक्त घर सुटू दे. डॉक्टरही म्हणाला होता की अजून दोन वर्षं मशीन चालवलीत तर हा हात केस विंचरायलाही उठणार नाही.

बँकेतून घराचे मूळ कागद कधी परत मिळतील, हे ती नवऱ्याला महिनाभर विचारत होती. "बघू, पुढच्या आठवड्यात जाऊन येतो," हे उत्तर चौथ्यांदा मिळालं, तेव्हा तिने अर्धी सुट्टी टाकली आणि स्वतःच गेली. नवऱ्याला सांगितलं नाही. कागद हातात घेऊनच घरी यावं, असा तिचा बेत होता.

बँकेतली मुलगी गोड बोलणारी होती. तिने खातं उघडलं, संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली की हा शेवटचा नाही काकू, यानंतर अजून चौऱ्याऐंशी हप्ते आहेत. टाचणीला वाटलं, दुसऱ्या कोणाचं खातं उघडलं असेल. तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. सगळं जुळत होतं. मग त्या मुलीने आतून एक फाइल आणली आणि नीट समजावून सांगितलं. सहा वर्षांपूर्वी याच घरावर आणखी कर्ज काढलेलं होतं. जुनं आणि नवं एकत्र करून हप्ता होता तेवढाच ठेवला होता, फक्त मुदत सात वर्षांनी वाढवली होती. हप्ता तेवढाच, म्हणून घरात कोणाला काही जाणवायचं कारण नव्हतं.

"ही तुमचीच सही ना?" मुलीने विचारलं.

तिचीच होती. सहा ठिकाणी होती आणि प्रत्येक सहीशेजारी पेन्सिलीची बारीक फुली होती. ती फुली तिने लाखो वेळा पाहिलेली होती, कापडावर, खडूची, एक पाय लांब असलेली. तिला तो दिवसही आठवला. एका हॉटेलच्या बत्तीस पडद्यांची ऑर्डर होती, ओठांत टाचण्या होत्या. पावइंच मशीनपाशी आला आणि म्हणाला, व्याज कमी करून घेतोय, खुणा केल्यात तिथे सह्या कर. तिने मशीन थांबवली, खुणेवर सह्या केल्या आणि मशीन पुन्हा सुरू केली. वाचलं काहीच नाही. वाचायचं तिच्या मनातही आलं नाही.

पैसे कुठे गेले, हे मुलीला सांगता येत नव्हतं. तारीख मात्र कागदावर होती आणि टाचणीला तेवढी पुरली. त्याच महिन्यात तिच्या लेकीने फ्लॅट घेतला होता. डाउन पेमेंट जावयाने साठवलेल्या पैशातून भरलं, असं तिला सांगण्यात आलं होतं आणि तिने ते दुकानभर मिरवलं होतं. आजकालची मुलं उधळी म्हणतात, आमचा जावई बघा, असं ती सहा वर्षं सांगत होती.

ती बँकेतून सरळ लेकीकडे गेली. लेकीच्या हॉलमध्ये तिनेच शिवलेले पडदे होते, अस्तर लावलेले, दाट चुण्यांचे, तीन आठवडे घरी जागून फुकट शिवलेले. लेकीने पाणी आणून दिलं, आईचा चेहरा पाहिला आणि बसली. खोटं बोलायचा तिने प्रयत्न केला नाही, एवढं तरी बरं. बिल्डरने दोन दिवसांची मुदत दिली होती, बाबांनीच मार्ग काढला, आम्ही परत करणारच होतो. पण आमचाच हप्ता, वर गाडीचा, मुलाची फी, दर महिन्याला पुढच्या महिन्यावर जात राहिलं. हे सगळं ती खाली बघून सांगत होती.

"कोणाकोणाला माहीत होतं?" टाचणीने विचारलं.

जावयाला माहीत होतं. विहीणबाईंनाही माहीत होतं. विहीणबाई भेटल्या की दरवेळी तिचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "तुम्ही मुलीसाठी किती केलंत हो." आणि ती लाजून म्हणायची, त्यात काय, एवढं तर कोणीही करतं. सहा वर्षं तिला वाटत होतं की विहीणबाई पडद्यांबद्दल बोलतायत.

तिने पाणी तसंच ठेवलं आणि उठली. परक्याने फसवलं असतं तर तिने त्याला दारात उभं करून चार शब्द सुनावले असते. इथे सगळी आपलीच माणसं होती, तिच्या हातचं जेवणारी, आणि त्यांनी केसाने गळा कापला होता. वर तिच्याशी हसून-खेळून वागत होती. तिला रडू येत नव्हतं. तिला राग आला होता आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या मूर्खपणाचा.

पावइंच त्या दुपारी एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर मापं घेत होता. दुकानात विचारून ती तिथे पोचली. दार उघडंच होतं. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. तो स्टुलावर चढून खिडकीला टेप लावत होता आणि खाली एक तरुण जोडपं हिरमुसल्या चेहऱ्याने उभं होतं. पंचवीस वर्षं फेडत बसायचं, म्हणजे सुटेपर्यंत आपण म्हातारे होऊ, असं तो मुलगा म्हणत होता.

"अहो, दिवस भराभर जातात," पावइंच वरून म्हणाला. "आमचंच बघा ना. वीस वर्षांपूर्वी असंच वाटलं होतं. या महिन्यात घर मोकळं होतंय."

आवाजात कुठे अडखळणं नव्हतं. माप सांगावं तसं सांगितलं. दारात उभ्या असलेल्या टाचणीला बँकेत जे पटलं नव्हतं, लेकीकडे जे पुरतं उतरलं नव्हतं, ते आत्ता पटलं.

जोडपं आतल्या खोलीच्या खिडक्या मोजायला गेलं, तेव्हा त्याला ती दिसली.

"बँकेत गेले होते," ती म्हणाली. "मग लेकीकडे."

तो खाली उतरला. टेप गुंडाळत राहिला. मग हळू आवाजात बोलू लागला. पोर रडत होती, वेळ नव्हता, तुझा स्वभाव माहीत होता. तू नाही म्हणाली असतीस आणि लेकीने ते जन्मभर मनात ठेवलं असतं. तुम्हा दोघींमध्ये वितुष्ट यायला नको, म्हणून सगळं स्वतःवर घेतलं. ऐकणाऱ्याला वाटावं, त्याने उपकारच केले.

"मी नाहीच म्हणाले असते कशावरून?"

"म्हणाली असतीस गं."

"मलाच माहीत नाही. कदाचित हो म्हणाले असते. आता ते मला कधी कळायचं नाही, कारण तुम्ही विचारलंच नाहीत." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि गेल्या महिन्यात दारावर एक का लिहिलात? मी शेजारी उभी होते. निदान तेव्हा तरी हात थांबायला हवा होता."

त्याने गुंडाळलेली टेप उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"तू खूश होतीस," तो म्हणाला.

तेवढ्यात त्या घराची नवी मालकीण आतल्या खोलीतून बाहेर आली. हसतमुख पोरगी होती. तुम्हीच काकू ना, पडदे तुम्हीच शिवणार असं काका म्हणाले, पुढच्या महिन्याच्या अखेरीला मिळतील ना, असं तिने विचारलं.

"नाही," टाचणी म्हणाली. "मी एक तारखेपासून काम सोडतेय."

"अगं," पावइंच पुढे आला, "आता कसं..."

"माझे दोनशे चाळीस झाले. पुढचे चौऱ्याऐंशी ज्यांनी घेतले त्यांनी भरायचे. तुम्ही, नाहीतर तुमची लेक."

पोरगी एकदा हिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत राहिली. टाचणी बाहेर पडली. त्याच्या एकट्याच्या पगारात हप्ता गेला तर चूल पेटणार नाही आणि चूल पेटली तर हप्ता जाणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तीन हप्ते चुकले की नोटीस येते आणि ती दोघांच्या नावाने येते, हेही बँकेतल्या मुलीने सांगितलं होतं. घर गेलं तर तिचंही जाणार होतं. तरी ती परत फिरली नाही.

एक मजला उतरल्यावर वरून त्या पोरीचा आवाज जिन्यात ऐकू आला. काका, घर मोकळं झालं म्हणालात ना, असं ती विचारत होती. टाचणी कठड्याला धरून थांबली. आता तो काय म्हणतो, ते तिला ऐकायचं होतं. एवढं झाल्यावर तरी तो खरं सांगेल, असं तिला अजूनही वाटत होतं.

"हो हो," नवरा म्हणाला. "झाल्यातच जमा आहे."

ती उरलेले मजले उतरून गेली.