बराबर

शेजारचे काका जालन्यातल्या सळयांच्या कारखान्यात कामाला होते. लालबुंद लोखंड तिथं दिवसरात्र मशीनमधून धडधडत जायचं. पाळी संपली की काका ओट्यावर येऊन बसायचे. त्यांना काहीही विचारा, ते मान हलवून म्हणायचे, “बराबर.”

“काका, काय भाजी होती आज?”

“बराबर.”

आम्ही पोरं हसायचो. त्यांच्या कानांचं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते स्वतः कधीच कबूल करायचे नाहीत. कारखान्यात कळलं तर काम जाईल, असं काकू आईजवळ बोलल्या होत्या.

बाबांची मात्र त्यांच्याशी गट्टी होती. बाबा सरकारपासून माझ्या अभ्यासापर्यंत तासभर बोलायचे आणि काका “बराबर, बराबर” करायचे. मग घरात येऊन बाबा आईला ऐकवायचे, “माझं पटतं ते फक्त या एका माणसाला.”

पुढं एका पहाटे बाबा गेले. रात्रपाळीहून आलेल्या काकांना मी दारातच सांगितलं, “काका, बाबा गेले.”

“बराबर,” काका म्हणाले.

मग त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. डबा खाली ठेवला, माझा दंड धरला आणि भर गल्लीत म्हणाले, “परत सांग लेकरा. मला ऐकू येत न्हाई.”

पहाटेपासून ती बातमी मी सगळ्यांना दबक्या आवाजात सांगत होतो. आता त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावी लागली, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.