बेटावरची पोपटी

नोकरीतल्या चोऱ्या-मारामाऱ्या आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. त्या तीन बायकांचे प्रकरण मात्र आजही जसेच्या तसे समोर उभे राहते, आणि खरे सांगायचे तर ते आठवले की भूकही लागते.

मी तेव्हा पेण ठाण्यात फौजदार होतो. हिवाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपत असतानाच हमरापूरचा एक मूर्तिकार घाबराघुबरा होऊन आला. त्याची आई, बायको आणि धाकट्या भावाची बायको अशा तिघी आदल्या दिवशी रोह्याकडच्या निडीला, नात्यातल्या हळदीला म्हणून घरातून निघाल्या होत्या. आज निडीहून निरोप आला, की इकडे कोणी पोचलेच नाही.

"घरात भांडण?"

"नाय सायेब. आमच्या घरात भांडानच व्हत नाय."

असे कोणी म्हणाले की पोलीस सावध होतो. मी त्याला उलटेसुलटे प्रश्न विचारले. दागिने घरात होते, लुगडी घरात होती. गडी खोटे बोलत नव्हता. नुसता नखे खरवडत बसला होता. मूर्तीच्या अंगाला लावतात तो गुलाबी रंग नखांत भरलेला होता. मी बेपत्ता म्हणून नोंद केली आणि रोहा ठाण्याला बिनतारी संदेश धाडला. सोन्यासाठी कोणी त्यांचे बरेवाईट केले असेल ही भीती गेली. बाकीच्या भीती होत्याच.

दुपारी आमचा खबऱ्या आला. मिठागरावर काम करणारा, बातमी सहसा पक्की. "खाडीतल्या बेटावर धूर हाय सायेब. मडकी पन हायत. हातभट्टी लागलीय."

रोह्याकडून खबर येईपर्यंत नुसते बसून काय करायचे? दोन शिपाई घेतले, एक होडी ठरवली आणि छाप्याला निघालो.

तिवरांतून चिखल तुडवत वर आलो. समोर बांबूवर ताडपत्री टाकून तंबू केलेला. दोन तरुण बायका पाय पसरून गप्पा मारत होत्या आणि एक म्हातारी पालथ्या मडक्याभोवती पेंढा पेटवत होती. आम्हाला पाहून तरुण बायका किंचाळल्या. म्हातारी जागची हलली नाही.

"मडक्यात काय आहे?" मी दरडावले.

"पोपटी. वालाच्या शेंगा नि वांगी."

"उघडून दाखवा!"

"थांब की जरा. कच्च्या शेंगा कोन खातं?"

माझे लक्ष ताडपत्रीकडे गेले. तिच्यावर गुलाबी रंगाचे शिंतोडे होते. सकाळची ती नखे चटकन आठवली.

"हमरापूरच्या ना तुम्ही?"

धाकटी सून रडायलाच लागली. "सायेब, घरी नका सांगू. परत उंबरा ओलांडू देनार नाय आमाला."

"रडू नको गो," म्हातारी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "माझं माहेर मिठागरावर. भावानं होडीनं सोडलं, उद्या सकाली न्यायला येनार. ताडपत्री कारखान्यातली, शेंगा शेतातल्या. खर्च काय तो एसटीचा. वरीसभर गनपतीच्या अंगाला रंग लावतो, सायेब. आमच्या अंगाला वारा कवा लागनार?"

यावर माझ्याकडे कुठलेही कलम नव्हते. एवढ्यात ओहोटी लागून आमची होडी चिखलात बसली. भरती येईपर्यंत आम्हीही तिथेच. मडके उघडले, शेंगांत घातलेल्या भांबुर्डीच्या पाल्याचा वास सुटला आणि छाप्याचा मुद्देमाल आम्ही छापा घालणाऱ्यांनीच फस्त केला. एक शिपाई तर दुसऱ्या मडक्याची चौकशी करू लागला. इतका आनंदात गेलेला छापा मला दुसरा आठवत नाही.

परत आलो तेव्हा मूर्तिकार ठाण्याच्या पायरीवरच बसून होता. म्हणालो, "तिघी सुखरूप आहेत. उद्या येतील."

"कुटं हायत?"

"स्वतःच्या मर्जीने गेल्यात. सज्ञान आहेत. बाकीचे त्यांनाच विचारा."

दुसऱ्या दिवशी जबाबासाठी तिघींना ठाण्यात यावे लागले. मुलगा समोर उभा. सुना खाली मान घालून. म्हातारी काहीतरी सारवासारव करील असे मला वाटले. तिने सरळ सांगितले, "बेटावर गेलो होतो. मीच नेलं या दोघींना."

"अगो आये, सांगून जायचं ना! माझा जीव गेला असता."

"जीव घाबरवला ते चुकलंच माझं. पन सांगितलं असतं, तर जाऊ दिलं असतंस?"

मुलगा नखांतला रंग खरवडत म्हणाला, "पुढच्या टायमाला मी सोडायला येईन. होडीपर्यंत."

"होडीपर्यंतच," म्हातारी म्हणाली. तेव्हा कुठे धाकटीने मान वर केली.

पुढे बऱ्याच ठाण्यांत बदल्या झाल्या. बाई बेपत्ता अशी तक्रार आली, की कुठे गेली असेल हे विचारण्याआधी मी घरच्यांना विचारायचो, "याआधी त्या स्वतःच्या मनाने कुठे गेल्या होत्या?" बहुतेक घरांत उत्तरच यायचे नाही.